आठशे अठ्ठावन्न टेराबाइट आणि गोदरेजचं कपाट

२६ सप्टेंबर २०२५ ला संध्याकाळी दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. बॅटऱ्या दुसरीकडे हलवायचं काम चालू होतं, त्यातल्या एका लिथियम बॅटरीने पेट घेतला. शेकडो सरकारी सेवा एका फटक्यात बंद पडल्या. बहुतेक सेवा हळूहळू परत उभ्या राहिल्या, कारण त्यांची प्रत कुठे ना कुठे होती. जी-ड्राइव्ह मात्र गेला तो गेलाच. सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाची कागदपत्रं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर न ठेवता या सामायिक साठ्यात ठेवायची, अशी पद्धत होती. माणशी सुमारे ३० जीबी जागा. एकूण ८५८ टेराबाइट. बाहेर बॅकअप शून्य. कारण काय सांगितलं, तर साठा एवढा मोठा की त्याचा बॅकअप घेणं जमण्यासारखं नव्हतं.

बातमी वाचली आणि मी कॅल्क्युलेटर काढला. स्टोरेज सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. आज बाजारात मिळणाऱ्या एलटीओ-९ जातीच्या एका टेपवर, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकी फितीच्या कॅसेटवर, १८ टेराबाइट मावतात. (खोक्यावर ४५ छापलेलं असतं. डेटा अडीचपट दाबला जाईल असं धरून तो आकडा काढलाय, त्याच्याकडे बघू नका.) ८५८ भागिले १८, म्हणजे ४८ टेप. टेप तळहातावर मावते, जाडी दोन सेंटिमीटरच्या आसपास. ४८ टेप पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या तर जेमतेम एक मीटर. गोदरेजच्या कपाटाचा एक खण भरेल आणि वर थोड्या उरतील.

मग जमण्यासारखं नव्हतं म्हणजे काय? त्या लोकांना हसणं सोपं आहे, पण मला हसू आलं नाही. कपाटात मावणं वेगळं आणि रोज रात्री त्या कपाटापर्यंत पोचणं वेगळं. मधल्या रस्त्यावर आमच्यासारख्यांची हयात जाते. तो रस्ता कसा आहे ते सांगते.

वजन आणि नग

नॅस म्हणजे नेटवर्कवरचा सामायिक साठा. तुमच्या ऑफिसात 'झेड ड्राइव्ह' किंवा 'शेअर' म्हणून जे काही असतं, ते बहुधा हेच. आत डिस्कांची रांग, बाहेर एक पत्ता, आणि शेकडो लोक एकाच वेळी त्यात फाइली उघडतात, बंद करतात, हरवतात. युनिक्सच्या जगात यासाठी एनएफएस वापरतात, जे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. विंडोजच्या जगात एसएमबी. बॅकअप घेणाऱ्याला दोन्हीकडे दुखणं तेच.

मोठा साठा म्हटलं की सगळे टेराबाइट विचारतात. मी आधी विचारते, फाइली किती?

घर बदलताना बघा. फ्रीज चार माणसं दहा मिनिटांत टेम्पोत चढवतात. पण स्वयंपाकघरातल्या वाट्या, चमचे, डबे, मसाल्याच्या बाटल्या एकेक करून कागदात गुंडाळायला अख्खा दिवस जातो. वजन फ्रीजचंच जास्त, पण वेळ नगांना लागतो.

आता आकडे घ्या. २०० जीबीची एकच फाइल १० गिगाबिटच्या लाइनवरून पाठवायची तर कागदावर १६० सेकंद लागतात. प्रत्यक्षात पाच मिनिटं धरा. तेच २०० जीबी २० केबीच्या एक कोटी फाइलींमध्ये विखुरलेले असतील तर? प्रत्येक फाइल उघडा, वाचा, बंद करा, म्हणजे सर्व्हरकडे निदान तीन फेऱ्या. एका फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी ३०,००० सेकंद होतात. सव्वाआठ तासांच्या वर. डेटा तेवढाच, लाइन तीच.

हे सुद्धा खरं दुखणं नाही. खरं दुखणं त्याच्या आधी सुरू होतं.

कुणाला विचारायचं, काय बदललं?

रोज सगळंच्या सगळं उचलणं कुणालाच परवडत नाही. एक पेटाबाइट, म्हणजे १,००० टेराबाइट, १० गिगाबिटच्या लाइनवरून न थांबता पाठवला तरी नऊ दिवसांच्या वर लागतात. म्हणून एकदा पूर्ण बॅकअप घ्यायचा आणि पुढे रोज बदललेलं तेवढं उचलायचं, याला इन्क्रिमेंटल म्हणतात. मोठ्या साठ्यात रोजचा बदल सहसा एकूण साठ्याच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणजे काम सोपं झालं?

नाही झालं. कारण काय बदललं हे कळायला बॅकअपवाला प्रत्येक दार ठोठावत फिरतो. या फोल्डरमध्ये काय आहे? या फाइलची शेवटची तारीख काय? हिची? आणि हिची? दहा कोटी फाइली असतील तर दहा कोटी प्रश्न. एका प्रश्नाला एक मिलिसेकंद, तर एक लाख सेकंद, म्हणजे २७ तास ४७ मिनिटं. दिवसात तास २४. रोजचा बॅकअप रोज संपणारच नाही, आणि हे एकही फाइल न उचलता, नुसतं विचारत फिरण्यात. त्यात दिवसा लोक काम करत असतात, त्यांनाही त्याच डिस्क लागतात, म्हणजे मिलिसेकंदाचे दोन होतात, पाच होतात. (एनएफएसमध्ये फोल्डरची यादी आणि फाइलींची माहिती एकाच फेरीत मागायची सोय नंतर आली. तिने ताप कमी होतो, जात नाही.)

बरं, एवढं विचारून मिळालेलं उत्तर तरी खरं असतं का?

मी पूर्वी एका संस्थेत होते. तिथल्या एका विभागाने मार्चअखेरीला आवराआवर काढली. 'चालू प्रकल्प' या फोल्डरचं नाव बदलून 'जुने प्रकल्प' ठेवलं. माउसची दोन बटणं, दोन सेकंदांचं काम. आत ४० टेराबाइट. शुक्रवारी रात्री नेहमीप्रमाणे बॅकअप सुरू झाला. आमचं साधन फाइल ओळखायचं ती तिच्या पूर्ण पत्त्यावरून. त्याने पाहिलं की 'चालू प्रकल्प' मधल्या सगळ्या फाइली गायब आहेत आणि 'जुने प्रकल्प' मध्ये तेवढ्याच नव्या आल्या आहेत. त्याने इमानदारीत ४० टेराबाइट नव्याने उचलायला घेतले. सोमवारी सकाळी मी आले तेव्हा पडद्यावर हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे होती, आणि तिच्या मागे बाकी सात विभागांचे बॅकअप 'प्रतीक्षेत' म्हणून ओळीने उभे. विभागातल्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही कशालाच हात लावला नाही, नुसतं नाव बदललं."

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या जातीची साधनं पत्ता न बघता तारीख बघतात, म्हणजे कालच्यानंतर बदललेल्या फाइली तेवढ्या घ्यायच्या. त्यांनी याच प्रसंगात काहीच उचललं नसतं. फोल्डरचं नाव बदललं तरी आतल्या फाइलींच्या तारखा बदलत नाहीत ना. नव्या पत्त्यावर बॅकअपमध्ये शून्य फाइली, आणि अहवालात हिरवा टिळा. पहिल्या प्रकारात निदान कळतं तरी. हा दुसरा प्रकार दोन वर्षांनी कळतो.

फाइलींची प्रत दुसरीकडे नेणाऱ्या आरसिंक या साधनाचं नाव इथे घ्यायलाच हवं. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी ऑस्ट्रेलियात ते लिहिलं. एकाच फाइलमधला बदललेला तुकडा तेवढाच दुसरीकडे पाठवायचा, ही त्याची करामत. मी आजही रोज वापरते. पण ती करामत फाइलीच्या आतली आहे. दहा कोटी दारं ठोठावायचं काम आरसिंकलाही चुकत नाही. शिवाय दोन्ही बाजू नेटवर्कवरून जोडून एकाच मशीनवर चालवलं तर ते तुकड्यांचं गणित सोडून देतं आणि अख्खी फाइल उचलतं. 'आरसिंक लावलंय ना' म्हणणाऱ्या अर्ध्या लोकांना हे ठाऊक नसतं.

फेरफाराची वही

गावात जमिनीचे सातबारे हजारो. तलाठी रोज प्रत्येक सातबारा उघडून मालक बदलला का ते बघत नाही. खरेदीखत झालं, वारस लागला, वाटणी झाली की नोंद पडते ती फेरफाराच्या वहीत, गाव नमुना ६ मध्ये. गेल्या महिन्यात गावात काय बदललं हे हवं असेल तर ती एक वही चाळायची. बाकीचे सातबारे झोपू द्यायचे.

मोठ्या साठ्याच्या बॅकअपचं सगळं मर्म एवढंच आहे. बाहेरून दारं ठोठावू नका. साठ्यालाच विचारा, कारण प्रत्येक बदल त्याच्याच हातून झालेला असतो.

हे सर्वांत देखण्या रीतीने जिथे जमलंय ते झेडएफएस मी थोडं सावकाश सांगते. सनमधल्या लोकांनी केलेली ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कांवर फाइली मांडून ठेवायची व्यवस्था, २००५ मध्ये खुली झाली. ती जुना मजकूर खोडून त्याच जागी नवा कधीच लिहीत नाही. डेटाचा तुकडा बदलला की नवा तुकडा दुसऱ्या मोकळ्या जागी लिहिते. आता तो तुकडा कुठे आहे हे सांगणारी वरची नोंद चुकीची ठरली, म्हणून तीही नव्याने लिहिते. मग तिच्या वरची. असं करत करत पार मुळापर्यंत. आणि प्रत्येक नोंदीत खालचा तुकडा कधी जन्मला त्याचा क्रमांक टिपलेला असतो.

आता जुना मोठा वाडा डोळ्यांपुढे आणा. दिंडीदरवाजा, मग चौक, मग सोपे, मग खोल्या, खोल्यांत कोनाडे. समजा प्रत्येक दारावर पाटी आहे की या दाराच्या आत शेवटचा बदल अमुक तारखेला झाला. एखाद्या कोनाड्यात कुणी वस्तू ठेवली की खोलीच्या दारावरची तारीख बदलते, सोप्याची बदलते, चौकाची बदलते, दिंडीची बदलते. तुम्हाला हवंय की दिवाळीनंतर वाड्यात काय बदललं. दिंडीवर तारीख दिवाळीनंतरची, म्हणून आत शिरलात. डावीकडच्या चौकावर तारीख गेल्या आषाढातली. संपलं. त्या चौकातल्या साठ खोल्यांकडे फिरकायचंच नाही. उजवीकडच्या चौकात जा, तिथे तारीख नवी असेल त्याच सोप्यात शिरा, त्याच खोलीत, त्याच कोनाड्यापाशी.

दहा कोटी फाइलींच्या साठ्यात काल शंभर फाइली बदलल्या असतील तर झेडएफएसला ते शोधायला शंभर फाइलींच्या बेताचंच काम पडतं. एकूण किती फाइली आहेत याने फारसा फरक पडत नाही. मी पहिल्यांदा हे चालताना पाहिलं तेव्हा आज्ञा देऊन चहा आणायला उठले आणि दारापाशी पोचायच्या आत काम संपलेलं होतं. मला वाटलं काहीतरी चुकलंय. आणि तो 'जुने प्रकल्प' वाला घोटाळा? इथे फोल्डरचं नाव बदलणं म्हणजे वरच्या नोंदीतले एक-दोन तुकडे बदलणं. ४० टेराबाइटना कुणी हात लावलेलाच नसतो, आणि झेडएफएसलाही ते तसंच दिसतं.

साठ्यांच्या दुसऱ्या घराण्यांकडे याची आपापली रूपं आहेत. महासंगणकांबरोबर दिसणाऱ्या लस्टरमध्ये बदलांची वही म्हणजे चेंजलॉग असतो, अगदी फेरफारासारखा. आयसिलॉनकडे दोन स्नॅपशॉटमधल्या फरकाची यादी मागता येते, नेटॲपकडेही. आयबीएमच्या जीपीएफएसमध्ये फोल्डरांतून न भटकता सगळ्या फाइलींची मूळ नोंदवहीच अनेक मशीन वाटून घेऊन सरळ वाचून काढतात. घरोघर फिरण्याऐवजी मतदारयादी वाचण्यासारखं. तुमच्याकडे जे असेल ते वापरा, पण विकत घेतानाच विचारा की बदलांची यादी द्यायची सोय आहे का, आणि ती आमच्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला वाचता येते का. नंतर विचारून उपयोग नसतो.

स्नॅपशॉट हा शब्द येऊन गेलाय तर त्याबद्दलही. जुना मजकूर खोडायचा नाही असं एकदा ठरलं की 'आत्ताची स्थिती तशीच धरून ठेव' हे सांगणं जवळजवळ फुकट पडतं. एका क्षणात पेटाबाइटचा स्नॅपशॉट निघतो. बॅकअपसाठी तो हवाच, कारण आठ तास चालणारा बॅकअप हलत्या साठ्यावर घेतला तर पहिली फाइल रात्री दहाची आणि शेवटची सकाळी सहाची. मधल्या वेळात कुणी काही हलवलं तर दोन्हीकडे नाही. स्नॅपशॉटवरून घेतला तर सगळं एकाच क्षणाचं. पण स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कांवर, त्याच खोलीत राहतो. डेजॉनला आग लागली तशी लागली तर स्नॅपशॉटही त्याच आगीत.

पुष्कळ हात

बदलांची यादी मिळाली, पण ती मोठी असेल तर एकट्याने उचलू नका. मिलिसेकंदाचा ताप हा वाट बघण्याचा ताप आहे. बॅकअपच्या प्रोग्रामचा एक हात वाट बघत असताना बाकीच्या एकोणतीस हातांनी काम करावं. फक्त वाटणी वरच्या फोल्डरांप्रमाणे करू नका. नेहमी असं होतं की तीस फोल्डरांपैकी एकातच नव्वद टक्के फाइली असतात, एकोणतीस हात वीस मिनिटांत मोकळे होतात आणि तिसावा पहाटेपर्यंत राबत बसतो. यादीचे सारखे तुकडे पाडून सगळ्यांनी एकाच ढिगातून उचलावे.

टेपचा आवाज

टेप म्हटलं की तरुण मंडळी हसतात. हसू द्या. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका चुकीमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतली पत्रं दिसेनाशी झाली. गूगलकडे त्यांच्या अनेक प्रती होत्या, वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण चूक सगळ्या जोडलेल्या प्रतींपर्यंत पोचली. पत्रं परत आली ती टेपवरून. कपाटात पडलेल्या टेपला नेटवर्क माहीत नसतं, म्हणून चूकही पोचत नाही आणि खंडणीखोर व्हायरसही पोचत नाही.

पण टेपचा स्वभाव ओळखावा लागतो. एलटीओ-९ चा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो. एक टेप भरायला साडेबारा तास. ते ८५८ टेराबाइट एका ड्राइव्हवर लिहायचे तर पंचवीस दिवस, चार ड्राइव्हवर साधारण सव्वासहा. हे सगळं टेप अखंड वाहती ठेवली तर. टेपला धावायला आवडतं. समोरून डेटा हळू आला तर ती आधी वेग कमी करून बघते, मग नाइलाजाने थांबते. थांबली की थोडी मागे जाते, परत वेग घेते, चार ओळी लिहिते, परत थांबते. बूटपॉलिशवाल्याचा फडका बुटावरून मागेपुढे जातो तसं. या दुखण्याचं नावच इंग्रजीत त्यावरून पडलंय. सर्व्हर रूममध्ये उभं राहिलं की ऐकू येतं. नीट वाहणारी टेप एका सुरात घूं करते, अडखळणारी घूं-टक-घूं-टक. वेग पार कोसळतो आणि टेपही झिजते.

कोट्यवधी बारक्या फाइली थेट टेपवर सोडल्या की हाच आवाज येतो. म्हणून मध्ये डिस्कांचा एक साठा ठेवतात. बारक्या फाइली तिथे जमवायच्या, मोठे गठ्ठे बांधायचे आणि गठ्ठा पूर्ण झाला की टेपवर एका दमात सोडायचा. बाजार समितीत शेतकरी पोती आणतो, पण ट्रक भरल्याशिवाय सुटत नाही, तसं.

एनडीएमपी नावाचा एक जुना करारही आहे. नव्वदीच्या दशकातला. साठ्याने आपला डेटा बॅकअप सर्व्हरच्या हातून न जाता थेट टेपकडे सोडायचा. कल्पना छान, आणि कित्येक ठिकाणी अजून चालू आहे. माझा राग एकाच गोष्टीवर आहे. टेपवर डेटा कुठल्या रूपात लिहायचा हे त्या करारात ठरलेलं नाही, ते ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. म्हणजे एका कंपनीच्या साठ्याचा बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या साठ्यावर उतरवता येईल याची खात्री नाही. सात वर्षांनी साठा बदललात की जुन्या टेप वाचायला जुनं धूड चालू ठेवा. बिल तुमच्या नावाने.

डीडुप्लिकेशनबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्याची जाहिरात त्याच्या गुणांपेक्षा मोठी आहे. सगळ्या डेटाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा, म्हणजे त्याच्या मजकुरावरून निघणारा छोटा सांकेतिक आकडा, काढायचा, तोच ठसा परत दिसला तर तुकडा साठवायचा नाही, नुसती खूण ठेवायची. ऑफिसची कागदपत्रं, ईमेल, एकाच साच्यातल्या शेकडो व्हर्च्युअल मशीन यांवर हे सोन्यासारखं चालतं. बोर्ग आणि रेस्टिक ही फुकट साधनं हे उत्तम करतात. पण आधीच दाबलेले व्हिडिओ, फोटो, एन्क्रिप्ट केलेला डेटा यांत सारखे तुकडे सापडतच नाहीत. तिथे ठसे काढायची मेहनत तेवढी होते, जागा वाचत नाही. विक्रेता 'वीसपट' म्हणाला तर त्याला आपला डेटा द्या आणि समोर करून दाखवायला सांगा.

निजलेला डेटा

इतक्या सगळ्या करामतींपेक्षा जास्त वेळ वाचवणारी एक गोष्ट आहे आणि तिला तंत्रज्ञान जवळजवळ लागत नाही. मोठ्या साठ्यातला बहुतेक डेटा लिहिल्यानंतर काही महिन्यांत निजतो आणि परत कधी बदलत नाही. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस प्रचंड तबकड्या आकाशातल्या रेडिओ लहरी टिपतात. एखाद्या रात्रीचं निरीक्षण एकदा नोंदलं गेलं की ते बदलायचं कारणच नाही. बदललं तर उलट काळजीची गोष्ट. संपलेल्या चित्रपटाचे शॉट, बंद झालेल्या प्रकल्पांची रेखाटनं, रुग्णालयातले पाच वर्षांपूर्वीचे स्कॅन, सगळ्यांचं असंच.

मग अशा डेटाला रोज रात्री 'बदललास का' म्हणून उठवायचं कशाला? तो वेगळ्या जागी हलवा. ती जागा फक्त वाचण्यापुरती ठेवा. दोन टेपवर दोन प्रती घ्या, प्रत्येक फाइलचा ठसा नोंदवा, एक प्रत दुसऱ्या गावी पाठवा, आणि रोजच्या बॅकअपच्या यादीतून ती जागा काढून टाका. वर्षातून एकदा ठसे पडताळा. नऊशे टेराबाइटचा रोजचा प्रश्न कधीकधी नव्वदवर येतो.

अडचण माणसांची आहे. प्रकल्प संपला असं सही करून सांगायला कुणी तयार होत नाही. 'असू दे, लागेल कधीतरी' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. अहो, राहणारच आहे, नुसतं बदलता येणार नाही, असं समजावत बसावं लागतं. माझ्या कामाचा निम्मा भाग हाच.

बॅकअपच खाऊ लागला तर

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गट. पुसणारा होता बॅकअपचाच प्रोग्राम. त्यात दहा दिवसांपेक्षा जुन्या नोंदी साफ करायची एक ओळ होती. यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने तो प्रोग्राम सुधारला, व्हेरिएबलांची, म्हणजे ज्यांत पत्ते वगैरे भरतात त्या खणांची, नावं नीट केली, आणि जुना चालू असतानाच त्याच्यावर नवा टाकला. असे प्रोग्राम चालवणारं बॅश अख्खा प्रोग्राम आधी वाचून ठेवत नाही, चालता चालता पुढचं वाचतं. त्याने पुढचा भाग नव्यातला वाचला. त्यातल्या नव्या नावांच्या खणांत अजून काही भरलेलंच नव्हतं. पत्ता रिकामा निघाला आणि साफसफाईची ओळ खऱ्या साठ्यावर चालली. चार गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आणता आला नाही.

ही गोष्ट मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगते. बॅकअप घेणाऱ्याला मूळ साठ्यावर लिहायचा आणि पुसायचा हक्क देऊ नका. त्याला वाचू दे. स्नॅपशॉटवरून वाचला तर आणखी उत्तम, कारण स्नॅपशॉटमधल्या फाइली पुसून पुसल्या जात नाहीत. त्याचप्रमाणे मूळ साठ्यावरच्या अ‍ॅडमिनला बॅकअपमधलं पुसायचा हक्क नको. दोन किल्ल्या, दोन माणसं.

परत आणणं

बॅकअप किती तासांत होतो हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. परत किती तासांत येतो हे विचारलं की शांतता. दोन्ही सारखे नसतात. घेताना रोज थोडंथोडं घेतलं होतं, परत आणताना सगळं एकदम हवं असतं. वर पुन्हा नगांचा हिशेब: दहा कोटी फाइली नव्याने निर्माण करायच्या, प्रत्येकीला नाव, मालक, परवानग्या द्यायच्या. हे नुसत्या वाचण्यापेक्षा जड काम आहे. म्हणून मी दुसऱ्या जागी झेडएफएसचीच एक जिवंत प्रत ठेवते, स्नॅपशॉटांसकट. मोठी आपत्ती आली तर काही परत आणायचंच नाही, लोकांना त्या प्रतीकडे वळवायचं. टेप त्याच्याही पलीकडची, दोन्ही बुडाले तर.

आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक फाइल परत आणून बघायची. कुठली, ते मी ठरवत नाही, कारण मी ठरवली तर नकळत सोपी निवडीन. अकाउंट्समधल्या मावशींना सांगते, कुठलाही फोल्डर म्हणा, कुठलंही वर्ष म्हणा. त्यांना यात भारी मजा येते आणि मुद्दाम अवघड शोधतात. एकदा त्यांनी २००९ मधली एक फाइल मागितली. टेप कपाटातून काढली, यादीत फाइल सापडली, अकरा मिनिटांत पडद्यावर आली, ठसाही जुळला. मी खुशीत वळून बघितलं. मावशी म्हणाल्या, "छान. आता उघडून दाखव." ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती केली होती ते ऑफिसातल्या एकाही मशीनवर उरलेलं नव्हतं.